चिडणारा दिसतो, गप्प असणारी दिसत नाही

पत्राचा सारांश: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईने लिहिलं आहे. घरात पती-पत्नी, सासूबाई आणि दोन मुलं. घराच्या पुढच्या खोल्यांत पतीचं कृषी सेवा केंद्र आहे. धाकटा मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत. आठ महिन्यांपूर्वी आजोबा हृदयविकाराने अचानक गेले. मुलगा त्यांच्याजवळच झोपायचा. तेव्हापासून तो सतत चिडलेला असतो, बहिणीच्या अंगावर धावून जातो. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं म्हणून रडतो. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासली, सगळं नॉर्मल. डबा अर्धा परत येतो, सहामाहीत गुण घसरले, दिवाळीच्या सुट्टीतही त्याने बॅट हातात घेतली नाही. तो रडेल म्हणून त्याच्यासमोर घरात कुणी आजोबांचा विषय काढत नाही. पती म्हणतात, "लाडाने डोक्यावर बसलाय. दहा वर्षांच्या पोराला कसलं डिप्रेशन?" आईने मोबाइलवर वाचून नैराश्याच्या तीन-चार प्रकारांची नावं लिहून पाठवली आहेत आणि विचारलं आहे: यातलं नेमकं कुठलं? मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं तर पोरावर कायमचा शिक्का बसेल का? पत्राच्या शेवटी दोन गोष्टी ओझरत्या आल्या आहेत. एक, नववीतल्या मोठ्या मुलीचा "काहीच त्रास नाही". दुसरी, धाकट्या दिरांना कॉलेजात असताना "काहीतरी झालं होतं", त्यावर घरात बोलत नाहीत.

ताई,

धाकट्याबद्दल तुम्ही पानंच्या पानं लिहिलीत, ते साहजिक आहे. घर डोक्यावर घेणारं मूल आधी दिसतं. मी मात्र मोठीबद्दलच्या दोन ओळींपाशी थांबले. "दीड-दोन वर्षांत फारच समजूतदार झाली. काही मागत नाही, मैत्रिणींकडे जात नाही, दिवाळीलाही मला नवा ड्रेस नको म्हणाली." तुम्ही हे कौतुकाने लिहिलंय आणि मला ते वाचून काळजी वाटली. म्हणून उत्तर दोघांबद्दल देते.

आधी तुमच्या यजमानांचा प्रश्न घेऊ. मुलांना कसलं डिप्रेशन, असं डॉक्टरमंडळीही कितीतरी काळ म्हणत होती. आईपासून दुरावलेली तान्ही बाळं कशी मलूल होतात, खाणं टाकतात, कुणाकडे बघेनाशी होतात, याचं वर्णन रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकाने १९४६ मध्येच केलं होतं. तरीही मुलांचं मन अजून पुरतं घडलेलं नसतं, तेव्हा मोठ्यांसारखं नैराश्य त्यांना येऊच शकत नाही, हा समज १९७० च्या दशकापर्यंत टिकून राहिला. आज त्याबद्दल शंका उरलेली नाही. त्यामुळे यजमानांशी वाद घालू नका. ते जे म्हणतात ते एके काळी पुस्तकांतही होतं, एवढं त्यांना सांगा.

गोंधळ होतो तो मुलांचं नैराश्य आपल्या डोळ्यांसमोरच्या चित्राशी जुळत नाही म्हणून. उदास चेहरा, खिडकीत बसून रडणं, "मला जगावंसं वाटत नाही" असे शब्द, हे आपण शोधत असतो. दहा वर्षांच्या मुलाकडे यातलं फारसं काही नसतं. मोठ्यांमध्ये जिथे उदासी लागते तिथे मुलांमध्ये चिडचिड असली तरी निदान होऊ शकतं, असं निदानाच्या नियमांतच लिहिलेलं आहे. वजन घटायलाच हवं असंही नाही, वयानुसार वाढायला हवं तेवढं ते वाढलं नाही तरी ती खूण धरतात. आणि पोटदुखी, डोकेदुखी तर या वयात फार नेहमीची. तुमच्या मुलाचं पोट खरंच दुखतं, ताई. सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ पोटात आजार सापडला नाही, पोरगा खोटं बोलतोय असा नव्हे. "रिपोर्ट चांगले आहेत, आता नाटकं बंद" हे वाक्य घरात कुणी म्हणत असेल तर ते आजच थांबवा.

आता तुम्ही पाठवलेली नावं. त्यात ज्याचा उच्चारही कठीण असा एक विकार आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी डीएमडीडी म्हणतात. हे निदान २०१३ मध्ये आलं. संतापाचे मोठे झटके आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, निदान वर्षभर, घर-शाळा-मित्र यांतल्या किमान दोन ठिकाणी आणि झटक्यांच्या मधल्या वेळातही मूल चिडलेलंच, असं त्याचं रूप. तुमचा मुलगा आठ महिन्यांपूर्वीपर्यंत हसतखेळत होता आणि शाळेत तो मारामारी करत नाही, गप्प बसतो, असं तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे हे नाव मनातून काढून टाका.

त्याच्या बाबतीत मला तीन शक्यता दिसतात, आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या असू शकतात. पहिली साधी: दुःख. मूल मोठ्यांसारखं सलग शोक करत नाही. दहा मिनिटं रडेल, लगेच कार्टून लावेल, रात्री पुन्हा दचकून उठेल. ते बघून आपल्याला वाटतं, विसरला. सहा महिने उलटल्यावरही मूल जवळजवळ रोज त्या माणसाच्या ओढीत अडकून पडलेलं असेल, तर त्याला आता वेगळं निदान आहे आणि त्यासाठी मदतही मिळते. दुसरी शक्यता, एखाद्या धक्क्यानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू होणारा समायोजनाचा, म्हणजे बदललेल्या परिस्थितीशी जुळवून घेता न येण्याचा त्रास. तो बहुधा धक्का आणि त्याचे परिणाम ओसरल्यावर सहा महिन्यांत निवळतो. तिसरी शक्यता, ज्याला मेजर डिप्रेशन म्हणतात ते. त्यासाठी निदान दोन आठवडे, दिवसाचा बराचसा वेळ, उदासी किंवा चिडचिड, नाहीतर कशातच रस न उरणं आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणं यांतली लक्षणं, अशी एकूण किमान पाच बघतात.

तुमच्या पत्रातली बॅट मला म्हणून महत्त्वाची वाटली. फक्त शाळेचा ताण असता तर सुट्टी लागताच पोरगा मैदानावर पळाला असता. सुट्टीतही आवडीची गोष्ट नकोशी होणं ही नैराश्याकडे बोट दाखवणारी खूण आहे. तरी शाळेत काही घडत असेल ही शक्यता पूर्ण सोडून देऊ नका. वर्गात कुणी त्याला चिडवतं का, मारतं का, कुणी मोठं माणूस त्याला नको तसा हात लावतं का, हे त्याला शांतपणे, दोघंच असताना विचारायलाच हवं. वाचन-लेखनात तो आधीपासूनच मागे पडत होता का, हेही आठवून बघा. अध्ययन अक्षमता कुणी ओळखली नाही म्हणून रोज अपमान सोसणारी मुलं याच वयात कोमेजतात.

आणि आजोबा. "तो रडेल म्हणून विषय काढत नाही" असं तुम्ही लिहिलंत. त्यामागची माया कळते, पण त्याच्या बाजूने बघा. ज्या माणसाच्या कुशीत तो रोज झोपला, त्याचं नाव तेराव्यानंतर घरातून नाहीसं झालं. मुलं अशा शांततेचा स्वतःपुरता अर्थ लावतात आणि तो बहुतेकदा भयंकर असतो. "त्या रात्री मी त्यांना पाणी आणून दिलं नाही म्हणून ते गेले" असं मनात धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. तुमच्या मुलाच्या मनात असं काही असेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. एखाद्या संध्याकाळी आजोबांचा चष्मा किंवा फोटो काढा. तुमची स्वतःची एक आठवण सांगा. मग म्हणा, "तुला त्यांची कुठली गोष्ट आठवते?" तो गप्प बसला तर बसू द्या. रडला तर रडू द्या, जवळ घ्या, "रडू नकोस" म्हणू नका. त्यांचं हृदय बंद पडलं, ते कुणाच्या चुकीमुळे नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. "देवाघरी गेले", "झोपले" असल्या शब्दांनी या वयात भीतीच वाढते.

आता मोठी.

नैराश्याचा एक प्रकार फार हळू चालतो. पूर्वी त्याला डिस्थायमिया म्हणत, आता चिवट किंवा दीर्घकालीन नैराश्य म्हणतात. यात एकाएकी काही कोसळत नाही. मूल शाळेत जातं, अभ्यास करतं, बरे गुणही मिळवतं. फक्त उत्साह नसतो, भूक बेताची, झोप कमी किंवा फार, स्वतःबद्दल मत वाईट, पुढे काही चांगलं होईल ही आशा नाही. मोठ्यांमध्ये हे दोन वर्षं चाललेलं असावं लागतं, मुलांमध्ये एक वर्ष पुरतं. आणि वर्ष-दीड वर्ष मूल असंच राहिलं की घरचे म्हणू लागतात, "ती आहेच तशी." इथेच फसगत होते, कारण एकदा तो स्वभाव मानला की डॉक्टरकडे नेण्याचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत तर हे फारच होतं. मुलगी काही मागत नाही, उलटून बोलत नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, हे आपण गुण म्हणून मोजतो. मुलगा असा वागला असता तर "हा असा का झालाय" असं एव्हाना चारजणांनी विचारलं असतं. लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात नैराश्याचं प्रमाण साधारण सारखं असतं. वयात आल्यावर मुलींमध्ये ते जवळपास दुप्पट होतं. तुमची मुलगी नेमकी त्या वयात आहे.

तिला हे आहेच असं मी पत्रावरून म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. एकटं राहायला आवडणारी, वाचनात रमणारी मुलं असतात आणि ती आनंदात असतात. फरक ओळखायला तिची दोन वर्षांपूर्वीची आठवण उपयोगी पडेल. तेव्हा ती कशाला हसायची? कुणाशी तासन्‌तास बोलायची? रांगोळी, गाणं, भांडण, हट्ट, काय होतं? त्यातलं आज काय उरलंय? खोलीत ती खरंच वाचते, की पुस्तक उघडं ठेवून पडून असते? सकाळी उठल्यावर ताजी असते का? तिचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या, कारण पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये रक्त कमी असणं आपल्याकडे सर्रास आढळतं आणि थकवा, निरुत्साह त्यातूनही येतो. मात्र हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून मनाची चौकशी सोडून देऊ नका. दोन्ही एकत्र असू शकतं. या हळू चालणाऱ्या नैराश्यावर मध्येच मेजर डिप्रेशनचा तीव्र झटका येऊन बसतो, असंही होतं. मग दहावीच्या ऐन वर्षात "अचानक काय झालं हिला" म्हणायची वेळ येते.

तिच्याशी बोलायला समोर बसवून "तुला काय होतंय सांग" असं विचारू नका. मेथी निवडताना, कपडे घडी करताना, गाडीवरून जाताना बोला. या वयाची मुलं नजरेला नजर नसली की जास्त बोलतात. सुरुवात निरीक्षणाने करा: "हल्ली तू मैत्रिणींचं नाव काढत नाहीस. मला तुझी काळजी वाटते." पहिल्यांदा "काही नाही" असंच उत्तर येईल. दोन दिवसांनी पुन्हा बोला. ती बोलली तर लगेच उपाय सांगू नका, "आमच्या वेळी" तर अजिबात काढू नका.

आणि एक प्रश्न विचारायचाच आहे, दोघांनाही, वयाला शोभेल अशा शब्दांत: "कधी इतकं वाईट वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं, मरून जावं, असं मनात येतं?" तोंडातून हे निघणं आईला किती जड जातं ते मला ठाऊक आहे. विचारल्याने ती कल्पना मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याने मूल मोकळं होतं. उत्तर "हो" आलं तर घाबरून ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. रात्र असेल तर १४४१६ वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांकही आहे.

तुमच्या घरात याला आणखी एक बाजू आहे. दुकान घरालाच लागून आहे आणि कीटकनाशकांचा साठा हाताच्या अंतरावर आहे. तो माल कुलपात गेला पाहिजे आणि किल्ली यजमानांच्या खिशात राहिली पाहिजे, आजपासून, मुलांची तपासणी व्हायच्या आधीच. सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्याही तशाच. मुलांचे असे विचार बहुतेकदा क्षणिक उमाळ्याचे असतात, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. श्रीलंकेत १९९० च्या दशकापासून अति विषारी कीटकनाशकांवर बंदी येत गेली आणि देशातलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. यजमानांना मानसोपचार पटायला वेळ लागेल, पण जहाल औषध कुलपात ठेवणं त्यांना लगेच पटेल. तिथून सुरुवात करा.

दिरांची गोष्ट तुम्ही कंसात लिहिलीत. डॉक्टरसाठी ती कदाचित सगळ्यांत मोलाची माहिती ठरेल. नैराश्याचं आणखी एक रूप असतं, ते बायपोलर विकाराचा एक टप्पा म्हणून येतं: कधी खोल उदासी, तर कधी झोपेशिवाय दिवस काढणं, अखंड बोलणं, मोठमोठे बेत. किशोरवयात त्याची सुरुवात पुष्कळदा उदासीनेच होते, म्हणून ते साध्या नैराश्यासारखं दिसतं. पण नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी अशा मुलाचं मन एकदम दुसऱ्या टोकाला जाऊ शकतं. जवळच्या नात्यात कुणाला हा आजार असेल तर डॉक्टर औषध वेगळ्या विचाराने निवडतात. त्यामुळे दिरांना नेमकं काय झालं होतं, कुठली औषधं चालू होती, इस्पितळात ठेवावं लागलं होतं का, हे सासूबाईंना विश्वासात घेऊन विचारा. दिरांची बदनामी करायची नाहीये, नातवंडांसाठी माहिती हवी आहे, असं सांगितलंत तर आजीचं मन वळेल असं मला वाटतं.

शिक्क्याबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. शाळेला काय आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. सोलापूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, खर्चही कमी. पहिल्या भेटीत डॉक्टर तुमच्याशी बोलतील, मग मुलाशी एकट्याने. लहानाला चित्र काढायला देतील, खेळता खेळता विचारतील. एका भेटीत नाव ठरलं नाही तर निराश होऊ नका. मुलांच्या बाबतीत घाईने नाव न देणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

पहिल्याच दिवशी गोळ्या देतात ही भीतीही बाजूला ठेवा. सौम्य त्रासात बहुधा आधी बोलण्यातून होणारे उपचार असतात. सीबीटी या नावाची पद्धत, जिच्यात विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवतात, त्यात जास्त वापरली जाते. त्रास मध्यम किंवा तीव्र असेल तर औषधाचा विचार होतो. १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बारा आठवड्यांनी, औषध आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं सुधारली, नुसत्या औषधाने ६१, नुसत्या सीबीटीने ४३ आणि नकली गोळीने ३५ टक्के. ते औषध फ्लुओक्सेटिन होतं आणि मुलांच्या नैराश्यात सर्वांत भक्कम पुरावा आजही त्याच्याच बाजूने आहे. त्याच वर्षी, अशा औषधांनी काही मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशाराही अमेरिकी औषध प्रशासनाने दिला. औषध सुरू झालं तर पहिले काही आठवडे, आणि डोस बदलल्यावरही, मुलावर बारीक लक्ष ठेवा. फार अस्वस्थ झालं, झोप उडाली तर लगेच डॉक्टरला कळवा. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनाने गोळी बंद करू नका.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला स्वतःलाही झोप लागत नाही, स्वयंपाक करताना उगाच रडू येतं. सासरे गेल्यापासून सगळ्यांचं सांभाळताना तुमच्याकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. त्याच फेरीत डॉक्टरला तुमच्याबद्दलही सांगा. आईचं नैराश्य उपचारांनी बरं झालं की मुलांची लक्षणंही कमी होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

तारीख मिळेपर्यंत घरात थोडंच करा. दोघांची झोपेची वेळ ठरवा आणि त्या वेळी मोबाइल तुमच्या खोलीत ठेवा. धाकट्याला शाळा पूर्ण बुडवू देऊ नका. वर्गशिक्षकांशी बोलून पहिले दोन तास तरी बसेल असं ठरवा आणि हळूहळू वाढवा. रोज एक छोटी गोष्ट त्याच्यासोबत करा, इच्छा होण्याची वाट न बघता: यजमानांनी संध्याकाळी दुकानासमोर दहा चेंडू टाकायचे, तो खेळला नाही तरी टाकायचे. त्याने बहिणीवर हात उगारला तर थांबवायचं, ठामपणे आणि न मारता. नैराश्य असलं तरी मारायची मुभा नाही. आणि ते सोसणारी मुलगी काही बोलत नाही म्हणून तिला चालतंय असं धरू नका.

एका वहीत रोज दोन ओळी लिहा: झोप, जेवण, पोटदुखी, चिडचिड कधी आणि कशावरून. मोठीसाठी वेगळं पान ठेवा. दोघांना एकाच दिवशी नेऊ नका, नाहीतर दवाखान्यातही सगळा वेळ धाकटाच घेईल. माझं ऐकाल तर आधीची तारीख मोठीची घ्या. दोघांतल्या कुणीही मरणाबद्दल काही बोललं तर मात्र तारखेची वाट बघायची नाही, तडक इस्पितळ गाठायचं.